टायपिस्टबाईंचं कपाट

ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी, एक राखाडी लोखंडी कपाट होतं. त्यात सहाशे अकरा सिनेमांच्या डिस्क होत्या. बहुतेक सगळे सिनेमे खुनाचे, चोरीचे, फसवणुकीचे. आणि बहुतेक सगळे कुणीही न पाहिलेले. शहरातल्या एका डेंटिस्टने आयुष्यभर जमवलेला हा संग्रह. तो वारल्यावर त्याच्या मुलांनी चार खोकी आमच्या दारात आणून ठेवली आणि आभाराचं पत्रसुद्धा न घेता निघून गेली. आमच्या ग्रंथपालांना पुस्तकांचं वेड होतं आणि सिनेमाचं वावडं. त्यामुळे खोकी वर्षभर झाडू-बादल्यांच्या खोलीत पडून राहिली.

मी तेव्हा तळमजल्यावर देवघेवीच्या टेबलावर बसत असे. पुस्तक आलं, पुस्तक गेलं, शिक्का मार, एवढंच माझं काम. एका सोमवारी साठीच्या आसपासची एक बाई आली. उंच, ताठ, हातात बसायची स्वतःची उशी. अर्धवेळ कामाची जाहिरात वाचून आली होती. आधी काय करत होता, असं ग्रंथपालांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "कोर्टात टायपिस्ट. एकतीस वर्षं." तेवढ्यावर तिला घेतलं आणि ती खोकी तिच्या गळ्यात घातली. पहिल्या आठवड्यातच तिचं नाव टायपिस्टबाई पडलं आणि मग खरं नाव विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

त्यांची एक सवय मला लवकर लक्षात आली. आपण बोलत असलो की त्यांची बोटं मांडीवर हलायची. आपलं बोलणं त्या टाइप करत असायच्या. आधी जरा अवघडल्यासारखं व्हायचं. मग मी त्यांच्यासमोर नीट वाक्यं पुरी करून बोलायला लागलो.

सिनेमाचं खूळ त्यांना कोर्टातच लागलं होतं. दर दोन-तीन महिन्यांनी टायपिस्टांची दालनं बदलत. एका खुनाच्या खटल्यातल्या निम्म्या साक्षी टाइप करायच्या आणि मग दुसऱ्या दालनात जाऊन जागेच्या भांडणात डोकं घालायचं. "निम्म्या खुनांचे निकाल मला माहीतच नाहीत," त्या म्हणायच्या. कोर्टाच्या मागच्या बाजूला एक जुनं थिएटर होतं. शनिवारी दुपारी तीनच्या खेळाला तिथे पडेल सिनेमे लागत. सगळीकडून आपटून आलेले, आठ-दहा माणसांसाठी चालवलेले. बाई तिथे जाऊन बसू लागल्या.

"गाजलेले का नाही बघत?" मी एकदा विचारलं.

"गाजलेल्यात सगळं नीट सांगतात," त्या म्हणाल्या. "कोर्टात साक्षीदार म्हणायचा, साहेब, मी दार लावलं होतं, लावलंच होतं, शपथेवर सांगतो लावलं होतं. न्यायाधीश मला सांगायचे, लिहा, साक्षीदाराने दार लावले होते. झालं. तो तीनदा का म्हणाला, ते कुठे गेलं? ते मला कधीकधी पडेल सिनेमांत सापडायचं. नेहमी नाही. दहात एखाद्यात."

त्या सहाशे अकरा डिस्क त्यांनी वर्षभरात बघून काढल्या. रोज दोन डिस्क घरी न्यायच्या. घरी धाकटी बहीण होती. ती शिवणकाम करायची आणि तिला रक्त पाहवत नसे. पडद्याकडे पाठ करून ती मशीनवर बसायची आणि मधेच विचारायची, "ताई, तो म्हातारा मरणार असेल तर आत्ताच सांग. मी तोवर काजं उरकून घेते." बाई कधी सांगायच्या नाहीत. बहीण कुरकुरत बसून राहायची, आणि शेवटी खून कुणी केला ते पाठमोऱ्या बहिणीलाच आधी कळलेलं असायचं.

प्रत्येक डिस्कच्या पाकिटावर बाईंनी एकेक कार्ड चिकटवलं. त्यावर गोष्ट नसे. कोण नट, कोण दिग्दर्शक, तेही नसे. असं काहीतरी असे: 'पहिली वीस मिनिटं एक माणूस मासे साफ करतो. उठू नका.' किंवा, 'खून दिसत नाही, ऐकू येतो. आवाज मोठा ठेवू नये.' एकावर लिहिलं होतं, 'दोनदा पाहावा. पहिल्यांदा नवऱ्यावर विश्वास ठेवून, दुसऱ्यांदा बायकोवर.'

आणि मागितली की लगेच डिस्क मिळाली, असं व्हायचं नाही. आधी बाई विचारायच्या, "अलीकडे कुठला सिनेमा अर्ध्यावर सोडलात?" मग, "का सोडलात?" आवडलेल्या सिनेमांबद्दल त्या कधीच विचारत नसत. आवडीबद्दल माणूस खोटं बोलतो, कंटाळ्याबद्दल सहसा बोलत नाही, असा त्यांचा अनुभव. एक नर्स म्हणाली, "सगळे फार ओरडतात हो, वॉर्डात काय कमी आरडाओरडा असतो?" तिला बाईंनी एका तिजोरी फोडणाऱ्याचा सिनेमा दिला. त्याला हळूहळू ऐकू येईनासं होतं आणि सिनेमाचा दुसरा अर्धा भाग जवळजवळ मुका आहे. एका बस-कंडक्टरला त्यांनी नावेवरच्या तिकीट-तपासनिसाची गोष्ट दिली. दर मंगळवारी जाताना जितके उतारू, त्याहून एक कमी परत येतो, आणि हे फक्त त्या तपासनिसालाच कळतं. कंडक्टर दुसऱ्या दिवशी ड्युटीच्या आधी धावत आला.

"बाई, पुढे काय झालं?"

"पुढे नाही."

"असं कसं नाही?"

"तुमच्या बसमधून उतरलेल्यांचं पुढे काय होतं, ते तुम्हाला कळतं?"

कंडक्टरने डोकं खाजवलं. "दुसरा द्या," म्हणाला.

दोन वर्षांत अशी चाळीस-पंचेचाळीस माणसं तयार झाली. पट्टीचे बघणारे. जिन्यात उभं राहून एकमेकांशी वाद घालायचे आणि खाली वाचणारे लोक वर बघून शुक्‌ शुक्‌ करायचे.

फौजदार त्यातले नव्हते. ते निवृत्त होऊन सात-आठ वर्षं झाली होती. ग्रंथालयाच्या समितीवर होते, सकाळी पेपर वाचायला यायचे. आवाज अजून चौकीतलाच होता. 'आज दूध फाटलं' हेसुद्धा ते पंचनाम्यासारखं सांगायचे. एक दिवस वर चढून गेले आणि कपाटाकडे बघून म्हणाले, "बाई, हे सगळं थोतांड आहे. पोलीस असे नसतात."

"कसे असतात?"

"कंटाळलेले," फौजदार म्हणाले.

बाईंनी त्यांना एक डिस्क काढून दिली. ती चार दिवसांत परत आली, सोबत चुकांची यादी घेऊन. बेड्या उलट्या घातल्यात. एवढं सगळं होऊन कुणी एक कागद भरत नाही. बाईंनी यादी वाचली, दुसरी डिस्क दिली. असे अकरा सिनेमे झाले. अकरा याद्या झाल्या. फौजदार रागवायचे, पण यायचे.

बारावा सिनेमा साधा होता. एक पोलीस अधिकारी शुक्रवारी संध्याकाळी एका माणसाकडून गुन्ह्याची कबुली घेतो आणि घरी जातो. उरलेला सगळा सिनेमा म्हणजे त्याचे शनिवार-रविवार. कुंपणाला रंग लावतो, सासूला आणायला स्टेशनवर जातो, मुलीशी पत्ते खेळतो. आणि बघणाऱ्याला थोडं थोडं करून कळत जातं की ती कबुली खोटी आहे आणि त्यालाही ते ठाऊक आहे. बाईंचं कार्ड होतं, 'गुन्हा दहाव्या मिनिटाला कबूल होतो. बाकी सुट्टी.'

आमच्याकडे डिस्कला सात दिवसांची मुदत. फौजदार नियमाचे पक्के. आठवडा गेला, डिस्क आली नाही. दुसरा आठवडा गेला. पेपर वाचायलाही ते येईनासे झाले. मी बाईंना म्हणालो, निरोप पाठवू का? त्या म्हणाल्या, "राहू दे."

नेमकी त्याच सुमाराला एक तक्रार आली. बँकेत काम करणारे एक गृहस्थ रविवारी घरच्यांबरोबर बघायला म्हणून डिस्क घेऊन गेले होते. बाई त्या दिवशी रजेवर होत्या आणि मीच ती दिली, प्रश्न न विचारता. सोमवारी ते तणतणत आले. "डिस्क खराब आहे. शेवटची पाच मिनिटंच नाहीत." मी लावून बघितली. डिस्क धडधाकट होती, सिनेमाच तिथे संपत होता. मग त्यांनी पानभर अर्ज लिहिला. सिनेमा संपल्यावर त्यांच्या बायकोने विचारलं होतं, 'त्याच्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतं?' त्यांनी खरं उत्तर दिलं. तेव्हापासून ती त्यांच्याशी बोलली नव्हती. 'अशा फिती ठेवणे एका जुन्या संस्थेस शोभते काय?' असं त्यांनी शेवटी विचारलं होतं.

समितीची बैठक शनिवारी चारला वाचनकक्षात भरली. पाच सभासद. अध्यक्ष म्हणजे चौकातल्या औषधाच्या दुकानाचे मालक. सज्जन माणूस, फक्त कुठलाही विषय निघाला की त्यांना तो पसरण्याआधी बंद करावासा वाटायचा. ते म्हणाले, अशा सिनेमांनी लोक गुन्हे शिकतात. कपाट बंद करून डिस्क कुणाला तरी देऊन टाकाव्यात. मग त्यांनी बाईंना काही म्हणायचंय का, असं विचारलं.

बाई उभ्या राहिल्या. हातातली उशी खुर्चीवर सरळ केली. एकतीस वर्षं भरल्या खोलीत बसून त्यांनी दुसऱ्यांचंच बोलणं उतरवलं होतं. मला वाटलं, आता या खाली बसणार.

"सिनेमा बघून गुन्हा केला असं म्हणणारा एकच आरोपी मी टाइप केलाय," त्या म्हणाल्या. "त्याने बघितलेला सिनेमा कौटुंबिक होता."

दोघे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. मतं घेतली तर दोन विरुद्ध दोन झाली. उरले फौजदार. बैठकीला ते सगळ्यांत शेवटी येऊन कोपऱ्यात बसले होते, दाढी वाढलेली. अध्यक्षांना खात्री होती. थोतांड, थोतांड म्हणून हे गृहस्थ दोन वर्षं सगळ्यांचे कान किटवत होते. फौजदारांनी खिशातून ती डिस्क काढली आणि टेबलावर ठेवली.

"कपाट राहू द्या," ते म्हणाले.

"कारण?"

"कारण लिहू नका."

कपाट राहिलं. एक अट पडली: 'सभासदांनी आपापल्या जबाबदारीवर न्यावे' अशी पाटी लावायची. पाटी लागली आणि महिन्याभरात डिस्क नेणारे दुप्पट झाले.

पण हे त्या संध्याकाळचं नाही. त्या संध्याकाळी बैठक उठल्यावर मी रजिस्टर घेऊन वर गेलो, डिस्क जमा करून घ्यायला. फौजदार कपाटाला टेकून उभे होते.

"बाई, हा मला मुद्दाम दिलात?"

"नाही. तुम्हाला कंटाळलेले पोलीस हवे होते. यात आहेत."

फौजदारांनी मान हलवली. मी निघायला लागलो तर म्हणाले, "थांबा, तुम्हीही ऐका. साक्षीला दोघं असलेली बरी."

बावीस वर्षांपूर्वी एका गोदामाला आग लागली आणि आतला पहारेकरी होरपळून मेला. आग लावली गेली होती, हे नक्की होतं. कुणी लावली, ते कळत नव्हतं. गोदामासमोर एकाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि पहारेकऱ्याशी त्याची आठवड्यापूर्वी बाचाबाची झाली होती. फौजदारांनी त्याला आणला. एकाच दुपारी कबुली मिळाली. नऊ वर्षं तो आत होता.

"मारलं नाही मी त्याला," फौजदार म्हणाले. "बोटसुद्धा लावलं नाही. फक्त म्हटलं, तुझा धाकटा भाऊ शेजारच्या खोलीत आहे. तू सही केलीस तर त्याला सोडतो. त्याने सही केली."

"आणि भाऊ?"

"भावाला आणलंच नव्हतं. तो घरी होता."

खाली कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. फौजदार म्हणाले, "तो खटला तुम्ही टाइप केलात, बाई. मी साक्षीला उभा होतो, समोर तुम्ही. आठवतं?"

"केला असेल. आठवत नाही."

"काहीच नाही?"

"फौजदारसाहेब, रोज तीस पानं व्हायची."

त्यांचा चेहरा पडला. आपलं पाप निदान एका तरी माणसाच्या लक्षात असेल, अशी त्यांची समजूत असावी. बाईंनी माझ्या हातातलं रजिस्टर घेऊन डिस्क जमा केली. मग म्हणाल्या, "सोमवारी दहाला या. तुम्ही सांगा, मी टाइप करते."

तीन सकाळी लागल्या. पहिल्या दिवशी फौजदार सुरू झाले, "सदर इसमास चौकशीकामी..." बाईंनी हात उचलला. "असं नको. परवा सांगितलंत तसं सांगा." मग त्यांना जमेना. परवाचं बोलणं त्यांना पुन्हा सापडेना. उठायचे, खिडकीशी जायचे, परत यायचे. बाई बसून राहायच्या. ते जसं म्हणाले तसं उतरत गेलं, एकच गोष्ट तीनदा म्हणाले तर तीनदा. सात पानं झाली. चौथ्या पानावर मधेच एक ओळ आहे: 'येथे चार मिनिटे थांबले.' मी ती पानं वाचली आहेत, कारण साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे.

एक प्रत कोर्टात गेली. दुसरी घेऊन फौजदार स्वतः निघाले. सायकलवाला आता दोन तासांवरच्या शहरात होता, तिथेही सायकलींचंच दुकान. फौजदारांनी बाईंना सोबत यायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते तुमचं काम आहे."

परत आल्यावर त्यांनी जे सांगितलं ते असं. सायकलवाला ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होता. त्याने त्यांना लगेच ओळखलं. हात पुसले, पानं घेतली आणि उभ्यानेच वाचायला लागला. चौथ्या पानाशी खाली बसला.

"भाऊ घरी होता?" त्याने विचारलं.

"हो."

"शेजारच्या खोलीत नव्हता?"

"नव्हता."

"मी आत होतो ना, तेव्हा रोज मनाशी म्हणायचो, तो बाहेर आहे तो माझ्यामुळे. सुटून आल्यावरही तेच. तेवढं एक होतं माझ्याकडे." त्याने पानं घडी करून फौजदारांच्या हातात परत दिली. "जा आता."

फौजदार हे सांगत होते तेव्हा बाईंची बोटं मांडीवर पडून होती, स्तब्ध. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. फौजदारांनी तो घेतला नाही. त्यानंतर दीड-दोन महिने बाईंनी कुणाला आपणहून काही सुचवलं नाही. कुणी मागितलं तर काढून द्यायच्या. कंडक्टर हैराण झाला. "बाई, तुम्ही विचारल्याशिवाय मला कळत नाही हो मला काय हवंय," म्हणाला. बाईंनी त्याला सांगितलं की आजच्या दिवस स्वतःच शोधा.

सायकलवाल्याला पुन्हा कोर्टाची पायरी चढायची नव्हती. चढली त्याच्या मुलीने. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. शाळेत असताना 'आगलाव्याची मुलगी' हे तिने ऐकलं होतं आणि ते ती विसरली नव्हती. कोर्टाकडून आधी 'अर्ज संबंधित शाखेकडे वर्ग करण्यात आला आहे' एवढं एक पत्र आलं. ती दर महिन्याला त्या शाखेत जाऊन उभी राहिली. आठ महिन्यांनी खटला पुन्हा उघडला. फौजदारांची उलटतपासणी सकाळी अकराला सुरू झाली ती तीनपर्यंत चालली. त्यांचे जुने सहकारी सकाळच्या फिरण्यात त्यांना टाळू लागले. बाकावर आधी त्यांच्यासाठी जागा राखत, आता पिशव्या ठेवत. त्यांच्यावर वेगळी चौकशीही बसली. ती अजून चालू आहे.

निकालाच्या दिवशी मी आणि बाई बसने गेलो. बाई पहिल्यांदाच लोकांच्या बाकावर बसल्या, उशी घेऊन. पुढे टाइप करायला एक तरुण मुलगी होती. बाई तिच्याकडेच बघत होत्या. सगळं बारा मिनिटांत आटोपलं. निर्दोष. मुलीने दोन प्रती मागितल्या. सायकलवाला आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि शेजारी त्याचा धाकटा भाऊ, टक्कल पडलेला, पन्नाशीचा. निकाल ऐकताना भावानेच डोळे पुसले. सायकलवाला नुसता पंख्याकडे बघत होता.

बाहेर व्हरांड्यात दोघे भाऊ उभे राहिले. मग धाकटा म्हणाला, "दादा, चल, आपल्याकडे जेवायला ये." थोरला म्हणाला, "दुकान उघडायचंय." शर्टाची बाही सारखी करत म्हणाला, "रविवारी येतो." मुलगी प्रती घेऊन आली आणि तिघे रस्ता ओलांडून गेले.

फौजदार कोर्टाच्या फाटकापलीकडे, टायपिंगच्या टपऱ्यांच्या आडोशाला उभे होते. ते तिघे दिसेनासे झाल्यावर आमच्याकडे आले. निकाल त्यांना आधीच कळला होता. आम्ही तिघेही बसथांब्यापर्यंत चालत गेलो. उन्हं चांगलीच तापली होती. फौजदारांची बस वेगळी होती आणि ती आधी आली. पायरीवर पाय ठेवून ते म्हणाले, "बाई, मंगळवारी कपाटाकडे येईन म्हणतो."

"या," बाई म्हणाल्या, "पण दहानंतर. त्याआधी मी नसते."